बाहेरून बाबांची, आतून भलतीच: ऑक्टाव्हिया २.० टीएसआयबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गाडी गोव्यात, आमच्या फोंड्यात आणून मला दोन वर्षं होत आली. एवढ्या काळात तिचं कौतुक फारसं कोणी केलं नाही, प्रश्न मात्र सगळ्यांनी विचारले. चवथीला (गणेश चतुर्थीला) आलेल्या पाहुण्यांनी, ऑफिसच्या पार्किंगमधल्यांनी, आणि एकदा तर दारावर पाव विकणाऱ्या आमच्या पोदेरानेही. प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

नक्की कुठली गाडी ही?

स्कोडा ऑक्टाव्हिया, चौथ्या पिढीतली. भारतात जून २०२१ मध्ये आली. १९८४ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १९० पीएस ताकद, ३२० एनएम टॉर्क (चाकं फिरवायचा जोर), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि सगळा जोर पुढच्या चाकांवर. डिझेल नव्हतं, मॅन्युअल नव्हती. जे होतं ते हेच. एक्स-शोरूम किंमत २५.९९ लाखांपासून २८.९९ लाखांपर्यंत. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि ही गाडी यादीतून गेली. आता मिळते ती सेकंडहँडच.

जोडणी शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायची, छत्रपती संभाजीनगरच्या शेजारी. म्हणून कोणी ‘फॉरेनची गाडी’ म्हटलं की मी सांगतो, कंपनी चेक असेल, बाईसाहेब मराठवाड्याच्या आहेत.

तुम्ही हिला ‘स्लीपर’ म्हणता. म्हणजे काय?

आमच्या आईने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं मी पणजीहून पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या बसबद्दल बोलतोय. गाडीवेड्यांच्या भाषेत स्लीपर म्हणजे जी बघून अंदाज येत नाही अशी गाडी. मागे मोठा पंख नाही, बोनेटवर हवा घ्यायला नाकपुड्या नाहीत, सायलेन्सरचा आवाज नाही. सरकारी खात्यातला निवृत्त अधिकारी बँकेत निघालाय असं दिसावं, आणि चढावर पाय दाबला की मागच्याला नुसते दिवे दिसावेत.

दिसायला एवढी साधी कशी? एवढ्या पैशात जरा उठावदार नसती का मिळाली?

मिळाली असती. त्याच पैशात उंच, रुंद, पुढे क्रोमची जाळी असलेल्या बऱ्याच गाड्या होत्या. मला नको होत्या.

माझी रुपेरी आहे. लांबी ४६८९ मिलिमीटर, म्हणजे छोटी मुळीच नाही, पण रेषा सरळ, कडा स्वच्छ, कुठे आरडाओरडा नाही. मागे आरएसचा, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या जास्त ताकदीच्या स्पोर्टी आवृत्तीचा, बिल्ला नाही. नुसतं कंपनीचं नि गाडीचं नाव. गेल्या डिसेंबरात मोपा विमानतळावर भावाला घ्यायला उभा होतो. एक जोडपं आलं, मागचं दार उघडलं, बॅग आत टाकली आणि म्हणालं, “कळंगुट?” पांढरी नंबरप्लेट त्यांनी पाहिलीच नाही. मी हिंदीत समजावलं, त्यांनी तीनदा सॉरी म्हटलं. भाऊ अजून ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो. मला स्वतःला तो प्रसंग गाडीला मिळालेलं प्रशस्तिपत्र वाटतो.

गोव्यात शनिवार-रविवारी भाड्याच्या उघड्या जीपांचा आणि मोठ्या आवाजाच्या गाड्यांचा जो बाजार भरतो, त्यात कोणाच्या नजरेत न भरणं ही चैन आहे. पोलीस थांबवत नाहीत, सिग्नलला कोणी शेजारी येऊन इंजिन गुरगुरवत नाही, आणि जत्रेत गाडी लावली तर तिच्यावर टेकून कोणी फोटो काढत नाही.

आपल्या रस्त्यांवर १९० पीएसचं करायचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘पकडलं’ असा भाव असतो.

कायदा मला माहीत आहे. चार पदरी दुभाजकाच्या रस्त्यावर कारला केंद्राची कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर, साध्या रस्त्यावर ७०. आणि फलक त्याहून कमी सांगत असेल तर फलक खरा. या गाडीत १०० गाठायला सात-साडेसात सेकंद पुरतात, म्हणजे मर्यादा संपते आणि गाडी अजून जांभई देत असते. तेव्हा वेग म्हणून बघाल तर ही ताकद वायाच.

पण वेग आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोर्ल्याचा घाट घ्या. माझी सासुरवाड बेळगावात, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी केरीहून वर चढणं होतं. अंजुणे धरणाचं पाणी खाली राहतं आणि रस्ता झाडीत शिरतो. सकाळी बेळगावहून गोव्याला भाजी आणणारे टेंपो दुपारी रिकामे परत जातात. मागे प्लास्टिकचे क्रेट दोरीने बांधलेले, प्रत्येक खड्ड्याला खडखड. असा टेंपो पुढे ताशी तीसने चढतोय, मागे तुम्ही, तुमच्या मागे अधीर झालेली सहा-सात गाड्यांची रांग. घाटात सरळ तुकडा मिळतो तो एवढासाच. समोर धुकं नाही, वळणापर्यंत रस्ता मोकळा, टेंपोवाल्याने उजव्या हाताने ‘जा’ म्हणून खूण केली. आता बाहेर पडल्यापासून परत आपल्या बाजूला येईपर्यंत जेवढा वेळ तुम्ही विरुद्ध दिशेच्या पट्ट्यात घालवाल, तेवढा वेळ तुमचा जीव टांगणीला.

माझ्या आधीच्या गाडीत हा वेळ इतका लांबायचा की बायको डोळे मिटून घ्यायची. गिअर खाली टाका, इंजिन ओरडतंय, गाडी मात्र विचार करतेय. या इंजिनाचा पूर्ण ३२० एनएम टॉर्क १५०० आरपीएमलाच हजर असतो आणि जवळजवळ ४००० पर्यंत तसाच राहतो. त्यामुळे पायाने नुसतं सांगायचं. क्रेटची खडखड डाव्या खिडकीत ऐकू येते, दोन श्वासांत मागे पडते, आणि तुम्ही परत आपल्या बाजूला. आरडाओरडा नाही. बायको आता घाटात फोनवर बोलत बसते. मला आणखी पुरावा नको.

आणि जिथे जागा दिसत नाही तिथे मी टेंपोच्या मागेच राहतो. जोर असला की घाई कमी होते, हे मला गाडी घेतल्यावर कळलं.

सनरूफ आहे का?

नाही. थंड हवेच्या सीटही नाहीत. एप्रिलच्या दुपारी फोंडा बाजारात गाडी उन्हात लावून परत या, छतात काच नाही याबद्दल तुम्हीच आभार मानाल. मुलीचं मत वेगळं आहे.

फेरीत (नदी ओलांडायच्या बोटीत) चढते का? खालून घासत नाही?

चढते. घासते. दोन्ही खरं.

गाडीचं पोट खाली आहे आणि नाक लांब. गावातले गतिरोधक हा आपल्याकडे ज्याच्या त्याच्या हौसेचा विषय असल्यामुळे नियम एकच: थांबायचं, एक चाक आधी चढवायचं, मग दुसरं. देवळाजवळच्या रस्त्यांवर तर मला दगडागणिक माहिती झाली आहे. चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर आणखी सांभाळून.

फेरीची गोष्ट भरती-ओहोटीवर अवलंबून. रायबंदरहून चोडणला जाताना पाणी भरलेलं असेल तर फेरीची फळी जवळजवळ सपाट टेकते आणि गाडी सहज आत जाते. ओहोटीला फेरी खाली उतरलेली असते, धक्क्याचा उतार संपतो तिथे फळीची चढण सुरू होते, आणि मधल्या कोनात पुढचा बंपर नेमका अडकतो. पहिल्या महिन्यात मी मयेला निघालो होतो, ओहोटी पाहिली नाही, सरळ घातली. आवाज असा झाला की फेरीवरच्या सगळ्या स्कूटरवाल्यांनी मान वळवली. फळीवरचा माणूस शांतपणे म्हणाला, “तिरकी घे रे.” बंपरच्या खालच्या प्लास्टिकवर ती रेघ अजून आहे, मुद्दाम बदललेली नाही. आता मी तिरकी घेतो, आणि पाणी फार खाली गेलं असेल तर वाट वाकडी करून पुलावरून जातो.

पावसात आणि खाऱ्या हवेत टिकते का?

पाऊस बाहेरून काही करत नाही. खोड्या आतल्या असतात. काचेच्या खाली वायपरपाशी जी जाळी असते तिथे आंब्याची पानं साचतात, पाणी निघायची वाट बंद होते आणि ओल केबिनमध्ये उतरते. जूनच्या आधी आणि मग दर पंधरा दिवसांनी ती पानं हाताने काढा. दुसरा शत्रू उंदीर. पावसाळ्यात त्यांना इंजिनची ऊब आवडते आणि वायरी त्याहून आवडतात. गाडी आठवडाभर उभी ठेवू नका, आणि शेजारी नारळाच्या करवंट्यांचा ढीग तर अजिबात नको.

साचलेल्या पाण्यात घालू नका, एवढं पुरे. पाणी हवेच्या वाटेने इंजिनात गेलं आणि तुम्ही परत स्टार्टर मारला, तर खर्च ऐकून तुम्हीच बंद पडाल. पाण्यात बंद पडली तर ढकलून बाहेर काढायची, चावीला हात लावायचा नाही.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं. आम्ही फोंड्याचे, आमच्याकडे मीठ कमी आणि लाल धूळ जास्त. एअर फिल्टर मी सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदलतो.

ॲव्हरेज?

विचारा, विचारा. फोंडा ते पणजी रोजचं येणं-जाणं, बाणस्तारीची गर्दी धरून, लिटरला साडेदहा-अकरा. घाटाने बेळगावला निवांत गेलं तर चौदाच्या पुढे. उजवा पाय अनावर झाला तर आठ, आणि मग कोणाकडे तक्रार करायची नाही.

२०१२ साली पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला होता आणि पेट्रोल एकदम ११ रुपयांनी उतरलं होतं. त्या दिवसांत ही गाडी असती तर, असं आमचे काका दर वेळी म्हणतात. त्या दिवसांत आमच्याकडे स्कूटर होती.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल: एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-प्लास्टिकचे भाग त्या मिश्रणाला चालतील असे करणं सुरू झालं, माझी गाडी त्याआधीची. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. मी टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवत नाही आणि इंधनाचे पाइप प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायला सांगतो.

डीएसजी बिघडतो म्हणे?

हे ऐकूनच अर्धे लोक पळतात, म्हणून नीट सांगतो.

डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच जोडून तयार असतो; एक क्लच सुटतो तेव्हाच दुसरा धरतो, म्हणून गिअर बदलल्याचा धक्का जाणवत नाही. पंगतीत एकजण भात वाढत असताना दुसरा वरण घेऊन मागेच उभा असावा तसं.

नाव खराब झालं ते सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या प्रकाराचं. त्याची झेप २५० एनएमपर्यंत, म्हणून आधीच्या पिढीतल्या १.८ टीएसआयला १८० पीएस असूनही टॉर्क २५० वरच बांधलेला होता. कोरडे क्लच गर्दीत, उकाड्यात सतत अर्धवट घासत राहिले की तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर सुरू होते. या २.० लिटरच्या गाडीत ओल्या क्लचचा डीएसजी आहे. क्लच तेलात बुडालेले, तेल उष्णता ओढून घेतं. तब्येतीने तो बराच दणकट. मात्र ते तेल ठरल्या मुदतीत बदलावंच लागतं. ‘लाइफटाइम तेल आहे, बदलायला नको,’ असं मला बाहेरच्या एका गॅरेजात छातीठोकपणे सांगितलं होतं. मी त्या गॅरेजात परत गेलो नाही.

सवयीही लागतात. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नका. थोडी जागा होऊ द्या, मग एकदम जा. आणि घाट चढून वर टपरीवर चहाला थांबलात तर लगेच इंजिन बंद न करता अर्धा मिनिट तसंच चालू द्या, टर्बो निवतो.

रीमॅप करून आणखी ताकद काढता येते ना?

येते. हे इंजिन त्यासाठी प्रसिद्धच आहे. लॅपटॉप जोडला, प्रोग्रॅम बदलला, की पीएस वाढले. मी केलेलं नाही. पुढची दोन चाकं ओल्या रस्त्यावर ३२० एनएमलाच कधीकधी घसरतात. त्यात भर घालून काय मिळवणार? वॉरंटी जाते, विमा कंपनीला न सांगता केलं तर दाव्याच्या वेळी भांडण ठरलेलं. शिवाय स्लीपरची गंमत कंपनीतून निघालेल्या गाडीतच. मसाला घातलेली सोलकढी मला चालत नाही. हे मत वैयक्तिक आहे.

सेकंडहँड घेताना काय बघावं?

माझी पुण्याहून आणली. पाच गाड्या बघितल्या, त्यातल्या दोन चांगल्या होत्या.

सकाळी इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. सपाट जागेत ब्रेक सोडून नुसती सरकू द्या; पहिल्या-दुसऱ्यात थरथर, धक्का किंवा रेंगाळणं नको. मागेपुढे दहा वेळा घ्या. पडद्यावरची सगळी बटणं दाबा, कारण एसीसुद्धा तिथूनच चालतो आणि पडदा रुसला तर तुम्ही घामाघूम. सर्व्हिसिंगची नोंद कागदावर मागा, तोंडी नको. टायर चारही एकाच जातीचे आणि सारखे झिजलेले हवेत. चालवणाऱ्याने रीमॅप केली होती का, हे सरळ विचारा. एकाने मला हसत सांगितलं की ‘केली होती, पण काढली.’ मीही हसलो आणि निघालो.

परराज्यातली गाडी असेल तर कागदांचा जोर इंजिनापेक्षा जास्त लागतो. मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, त्यासाठी फॉर्म २८. नाव बदलायला २९ आणि ३०. कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. गोव्यात रस्ता कर नव्याने भरायचा आणि आधीच्या राज्यात भरलेल्यातला उरलेला भाग परत मागायचा. तो परत मिळवणं हा वेगळा छंद आहे, वेळ असेल तर जोपासा. ‘एमएच नंबरवरच फिरव, कोण विचारतंय’ असं सांगणारे भेटतील. बारा महिन्यांच्या वर गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा नंबर घेणं कायद्याने लागतं. माझीवर आता जीए-०५ आहे, आणि पाटी बदलली त्या दिवसापासून शेजारी तिला ‘आमची’ म्हणायला लागले.

मग थेट आरएसच का नाही घेतली?

परवडली असती तर… नाही, तरीही नसती घेतली, असं मी स्वतःला सांगतो.

आरएसची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. २००४ च्या सुमारास पहिली आली, १.८ टर्बो, १५० पीएस, पाच गिअर हाताने टाकायचे. २०११ मध्ये लॉरा आरएस (दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाचं इथलं नाव लॉरा), १६० पीएस. २०१७ मध्ये आरएस २३०, आणि २०२० मध्ये २४५ पीएसची आरएस २४५, फक्त २०० गाड्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेली तर पूर्ण बाहेरून आयात केलेली, २६५ पीएस, किंमत ४९.९९ लाख, गाड्या अवघ्या १००, आणि त्या बघता बघता संपल्या. त्या सगळ्या आपापल्या जागी थोर. पण लाल ब्रेक, काळी जाळी, खाली बसलेला बांधा. आरएस कुठेही गेली तरी दहा लोकांना कळतं. माझी कोणालाच कळत नाही.

नवी कोरी, वॉरंटीवाली काही हवी असेल तर?

फोक्सवॅगनची व्हर्टस किंवा स्कोडाचीच स्लाव्हिया १.५ टीएसआय, १५० पीएस आणि २५० एनएम. किंवा ह्युंदाईची व्हर्ना टर्बो, १६० पीएस आणि २५३ एनएम. तिन्ही हलक्या, तिन्हीला ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे. गावच्या अरुंद रस्त्यांना खरं तर याच जास्त सोयीच्या. फेरीतही कमी घासतील.

डिकी कशी आहे?

वा, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

सहाशे लिटर. आणि ती नुसती सेडानची डिकी नाही. मागची काच डिकीच्या झाकणाबरोबरच वर जाते, त्यामुळे तोंड टेंपोसारखं उघडतं. गेल्या चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सगळं सामान म्हार्दोळच्या बाजूने एका खेपेत आणलं. सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड (दोन्ही म्हणजे घोस), तोरिंजन, चिबूड, आंबाडे, घागरी, दोन केळीचे घड, आणि माटोळीची नवी लाकडी चौकट मागची सीट पाडून तिरकी. बाबा शेजारी बसले होते, मांडीवर कांगलां, म्हणजे माटोळीची रानफळं घेऊन, ती चुरगळू नयेत म्हणून. घरी पोचल्यावर त्यांनी एक एक करून सगळं काढलं, डिकीत हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “चांगली आहे गाडी. सामान मावतं.”

दोन वर्षांत त्यांनी गाडीबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य.

बाबांना माहीत आहे का, बोनेटखाली काय आहे?

नाही. ते देवळात जायला चालवतात, चाळीसच्या वर कधी नेत नाहीत. मीही सांगितलेलं नाही.

एकदा चालवायला द्याल?

देईन. सकाळी सातच्या आत या, बाणस्तारीला गर्दी व्हायच्या आधी. पेट्रोल तुमचं, आणि परतताना दारावरच्या गतिरोधकाला तिरकी घ्या.